परवान्यात काडतूसही लिहावे

माझ्या वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि घरात बारा बोअरची एकनळी बंदूक होती. मी कॉलेजात असताना एका दुपारी त्यांनी वर्तमानपत्राचे एक पान पूर्ण उघडून बांधाच्या मातीला बाभळीच्या काट्यांनी टोचून लावले, त्यावर मधोमध कोळशाने वीतभर रुंदीचे वर्तुळ काढले आणि चाळीस पावले मोजून एल.जी.चे एक काडतूस झाडले. एल.जी.च्या काडतुसात वाटाण्याएवढे शिशाचे सहा दाणे असतात आणि डुकरासाठी आमच्याकडे सगळे जण तेच वापरत. आम्ही जवळ जाऊन पाहिले तर पानावर दोनच भोके होती: एक वरच्या कोपऱ्यात आणि एक तळाच्या जाहिरातींत. कोळशाचे वर्तुळ कोरे होते. वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले, कारण त्याच्या आदल्याच पावसाळ्यात नाचणीत शिरलेल्या एका डुकरावर त्यांनी तेवढ्याच अंतरावरून तसेच काडतूस झाडले होते. ते डुक्कर ओरडले होते, पडले नव्हते. सकाळी करवंदीच्या पानांवर रक्ताचे थेंब दिसले, ओढ्यापर्यंत माग लागला आणि पुढे तुटला. पाचव्या दिवशी दुर्गंधीमुळे ते सापडले. एक दाणा पोटात गेला होता आणि दुसरा मागच्या मांडीत.

या आठवणीतून एक सार्वजनिक प्रश्न उभा राहतो, आणि तो वडिलांच्या काळापेक्षा आज अधिक निकडीचा झाला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर किंवा रोही (म्हणजेच नीलगाय) मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. अशी परवानगी असावी की नसावी, हा वाद जुना आहे. ज्याने सोयाबीन किंवा भुईमूग एका रात्रीत उखडलेला पाहिला आहे, त्याला ती नसावी असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. परवानगी कोणी द्यावी, किती दिवसांची द्यावी आणि मेलेल्या जनावराची विल्हेवाट कशी लावावी, यांवरही पुष्कळ बोलले जाते. मात्र जनावर मारायचे कशाने, छर्ऱ्याने की गोळीने, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारत नाही. माझे म्हणणे असे की, शासन ज्या क्षणी मारण्याची परवानगी देते त्या क्षणी मारण्याच्या रीतीची जबाबदारीही त्याच्याकडे येते. म्हणून परवानगीच्या कागदावर हत्यार, काडतूस आणि अंतर लिहिलेले असलेच पाहिजे, आणि रानडुक्कर किंवा रोही यांच्यावर छर्रा झाडण्यास त्यात स्पष्ट मनाई असली पाहिजे.

छर्रा आणि गोळी यांत नेमका फरक कोणता, हे आधी पाहू. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बारा बोअर हे नाव एका जुन्या मापावरून आले: त्या नळीत बरोबर बसतील असे शुद्ध शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड होतात. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि एका काडतुसात साधारण तीस-बत्तीस ग्रॅम शिसे मावते. हे शिसे किती दाण्यांत वाटायचे, यावर काडतुसाचा नंबर ठरतो. चार नंबरच्या काडतुसात सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचे दीडशेहून अधिक छर्रे असतात, तर एल.जी.त नऊ मिलिमीटरचे सहा. रायफलीची गोष्ट वेगळी. तिच्या नळीला आतून पिळाचे आटे पाडलेले असतात, त्यामुळे एकच लांबट गोळी स्वतःभोवती फिरत, नाकासमोर सरळ जाते. आपल्याकडे परवानाधारकांजवळ दिसणाऱ्या ०.३१५ बोअरच्या रायफलीची गोळी पंधरा-सोळा ग्रॅमची असते आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला सहाशे मीटरहून अधिक असतो.

छर्ऱ्याची सगळी योजना पक्ष्यासाठी झालेली आहे. उडत्या तित्तरावर एका गोळीचा नेम धरणे जवळपास अशक्य असते, म्हणून हवेत शिशाचा एक ढग सोडायचा आणि पक्षी त्या ढगात सापडेल असे पाहायचे. पक्ष्याची हाडे पोकळ, कातडी पातळ आणि अंग चिमुकले; चार-पाच छर्रे एकदम बसले की तो जागच्या जागी गतप्राण होतो. चाळीस यार्डांवर पंचाहत्तर सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात, यावरून बंदुकीच्या नळीची पारख करण्याची पद्धत आहे; तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून सुमारे सत्तर टक्के पडतात आणि सरळ नळीतून चाळीस टक्के. दीडशे छर्ऱ्यांच्या चाळीस टक्के म्हणजे साठ, आणि पक्ष्यासाठी ते पुरेसे आहेत. सहा दाण्यांच्या चाळीस टक्के म्हणजे दोन किंवा तीन, आणि तेही पंचाहत्तर सेंटिमीटरच्या वर्तुळात कुठेही. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे ज्या जागेत असतात ती जागा वीत-सव्वा वीत रुंदीची आहे. वडिलांचे कोळशाचे वर्तुळ कोरे राहिले, यात नेमाची चूक नव्हती; काडतुसाचा स्वभावच तसा होता.

येथे एक बेरीज फसवते, आणि जाणते शिकारीसुद्धा तिला फसलेले मी पाहिले आहेत. एल.जी.च्या सहा दाण्यांची नळीच्या तोंडाशी असलेली एकत्र ऊर्जा काढली तर ती दोन हजार ज्यूलच्या आसपास येते, आणि रायफलीच्या गोळीची तीन हजारांच्या पुढे. कागदावर फरक दीडपटीचा दिसतो. परंतु जनावराला बेरीज लागत नाही, सुटा दाणा लागतो. एकेका दाण्याच्या वाट्याला तीनशे-सव्वातीनशे ज्यूल येतात, आणि गोल दाण्याला हवा फार अडवत असल्यामुळे तीस-चाळीस मीटरवर त्यातलेही बरेच सरते. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चामड्याखाली कूर्चेसारखा जाड, चिवट थर असतो. दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने दिलेली ती ढालच आहे. वर वाळलेल्या चिखलाचे पुट आणि राठ केस. अशा खांद्यावर अंतरावरून आलेला दाणा कधी आत शिरतो, कधी चामड्याखालीच अडकून राहतो. डुक्कर पळते, जखम चिघळते आणि पुढे काय होते ते रानालाच ठाऊक. रोही तर याहूनही मोठे जनावर. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्यावर छर्रा झाडणे हा क्रूरपणा आहे, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही.

गावात एक वाक्य नेहमी ऐकू येते: ‘छर्रा आहे, एक तरी लागेलच.’ माझा सगळा आक्षेप या ‘एक तरी’वर आहे. तित्तराला एक तरी लागून भागते. डुकराला एक तरी लागले, तर ते बहुधा मरत नाही आणि धड जगतही नाही. शिवाय हे वाक्य बोलणाऱ्याच्या हातून नेमाची शिस्त सुटते. रायफल हातात असलेल्याला ठाऊक असते की आपल्याजवळ एकच गोळी आहे आणि तिची जागा आपणच निवडायची आहे. म्हणून तो जनावर आडवे होण्याची वाट पाहतो, पुढच्या पायाच्या मागची जागा शोधतो आणि ती दिसली नाही तर चाप ओढत नाही. छर्ऱ्याचा भरवसा माणसाला वाट पाहू देत नाही. रायफलीनेही जनावर जखमी होते, हे मी नाकारत नाही. पोटात बसलेली रायफलीची गोळी एल.जी.इतकीच वाईट. पण तिथे चूक माणसाची असते आणि माणूस शिकवून सुधारतो. तीस मीटरपलीकडे छर्ऱ्याची चूक कितीही शिकवून सुधारत नाही.

जीव घ्यायचाच आहे तर तो कशाने घेतला याने काय फरक पडतो, असा प्रश्न काही जण विचारतात, आणि तो विचारणारे बहुतेक वेळा ज्यांचे पीक गेलेले असते तेच असतात; म्हणून त्याला आदरानेच उत्तर दिले पाहिजे. फरक शेतकऱ्यालाही पडतो. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत दडून बसते आणि सकाळी सरपणाला गेलेल्या बाईवर किंवा गुराख्यावर चालून येते. जखमी होऊन निसटलेले डुक्कर परवानगीच्या हिशेबात ‘मारले’ म्हणून धरले जात नाही, म्हणून त्या परवानगीवर दुसरे, तिसरे मारले जाते आणि प्रत्यक्षात किती मेली याचा पत्ता वनखात्याला लागत नाही. दया हा एकच मुद्दा असता, तरीही मी तो मांडलाच असता. पण तो एकटा नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण तिथे एक विसरलेली गोष्ट आहे. १९७२ च्या मूळ वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना घेऊन शिकार करता येत असे, आणि ती कशी करू नये हे कलम १७ मध्ये सांगितलेले होते. त्यात मोठी जनावरे रायफलीनेच मारावीत असे बंधन होते. बंदूक वापरायची असेल तर परवान्यात तशी खास मुभा हवी, आणि तीही फक्त एकगोळी काडतुसापुरती, म्हणजे ज्यात छर्ऱ्यांऐवजी एकच जड गोळी असते अशा काडतुसापुरती. रात्री शिकार करण्यास आणि त्यासाठी कृत्रिम उजेड वापरण्यासही त्याच कलमात बंदी होती. म्हणजे छर्ऱ्याने मोठे जनावर मारू नये, हा विचार आपल्या कायद्याला पन्नास वर्षांपूर्वीच पटलेला होता. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली आणि तिच्याबरोबर हे कलमही वगळले गेले. शिकारच नाही तर शिकारीचे नियम कशाला, हा तेव्हाचा विचार समजण्याजोगा होता. परंतु कलम ११ ची परवानगी राहिली, आणि पुढे पिकांच्या नासाडीमुळे तिची मागणी वाढत गेली. केंद्राने २०१५ मध्ये बिहारातील काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर यांना, तर २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुकराला काही मुदतीपुरते उपद्रवी ठरवले; केरळने २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेले. मारणे परत आले, पण मारण्याची शिस्त सांगणारे कलम परत आले नाही.

त्यात शस्त्र कायद्याने आणखी एक विचित्र पेच टाकून ठेवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मिळणारा परवाना मुळात ठासणीच्या बंदुकीचा आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून गजाने ठासायची, बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. जखमी जनावरावर लगेच दुसरा बार काढण्याची सोय तिच्यात नाही. नळीत काय भरायचे हे भरणाऱ्याच्या मर्जीवर. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे, लोखंडाचे तुकडे, खिळे, काय वाटेल ते भरलेले कोकणात पाहायला मिळते. वानरांना हुसकावण्यासाठी आणि पाखरांसाठी ही बंदूक कदाचित भागवून नेईल. पण डुक्कर मारण्याची परवानगी देणारे एक खाते आणि डुक्कर मारण्यास अगदीच नालायक असे हत्यार देणारे दुसरे खाते, ही व्यवस्था शेतकऱ्याला मदत केल्याचे नुसते समाधान देते.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. रायफलीची गोळी काही किलोमीटर जाते आणि आपल्याकडे वाड्या-वस्त्या जवळ जवळ आहेत. शेतात रात्री माणसे जागलीला असतात. डुक्कर समजून माणसावर बार काढल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. अशा भागात रायफल द्यायची का? हा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. मात्र छर्रा सुरक्षित आहे, हा समज आधी तपासून घ्यावा. छर्रा हवेत जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकतो याचा एक जुना ठोकताळा आहे: त्याचा व्यास इंचांत घ्यावा आणि त्याला बावीसशेने गुणावे, म्हणजे यार्डांत अंतर मिळते. चार नंबरचा छर्रा या हिशेबाने अडीचशे मीटरच्या आसपास पडतो, आणि एल.जी.चा दाणा सातशे मीटरपर्यंत जातो. म्हणजे ज्या काडतुसाचा तीस मीटरपलीकडे डुकरावर भरवसा नाही, तेच काडतूस अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या माणसाला इजा करू शकते, आणि त्याचे सहा दाणे सहा वाटांनी जातात.

गोळीची सुरक्षितता ती किती लांब जाऊ शकते यापेक्षा ती कुठे थांबवली जाते यावर अवलंबून असते, आणि इथे आपल्या शेतातला माळा उपयोगी पडतो. चार मीटर उंचीच्या माळ्यावर बसून, सपाट शेतात तीस मीटरवर उभ्या असलेल्या डुकराच्या छातीवर, म्हणजे जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, नेम धरला तर चुकलेली गोळी डुकराच्या मागे सव्वाचार मीटरच्या आसपास मातीत शिरते. तोच नेम बांधावर उभे राहून, बंदूक खांद्याला लावून धरला तर गोळी जमिनीला टेकेपर्यंत डुकराच्या मागे सोळा-सतरा मीटर गेलेली असते, आणि टेकतानाही जमिनीला जवळजवळ समांतर येते, म्हणून उसळून पुढे जाते. नांगरलेली, ओली जमीन गोळी गिळते; कोकणातला सडा किंवा देशावरचा उघडा काळा खडक तिला उडवतो. म्हणून कातळावरच्या शेतात अशी परवानगी देऊच नये, हे मी आधीच सांगून टाकतो. रात्री विजेरीच्या झोतात नुसते चमकणारे डोळे पाहून चाप ओढण्यालाही माझा विरोध आहे, मग हातात बंदूक असो वा रायफल.

या पेचातून बाहेर पडण्याचा एक मधला मार्ग आहे आणि जगात तो वापरलेला आहे. तो म्हणजे बारा बोअरच्याच बंदुकीतून सुटणारी एकच जड गोळी. अमेरिकेत इलिनॉय आणि ओहायोसारख्या सपाट, दाट वस्तीच्या शेतीच्या राज्यांनी हरणांसाठी कित्येक वर्षे रायफलीऐवजी या एकगोळीचाच आग्रह धरला. इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१ च्या हरिण कायद्यात हरणासाठी बंदूक सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला अपवाद आहे, पण त्या अपवादातही काडतूस कोणते हे लिहिलेले आहे. गोळी एकच असेल तर ती किमान २२.६८ ग्रॅमची हवी, आणि छर्रा असेल तर प्रत्येक दाणा ५.१६ मिलिमीटरपेक्षा लहान नको. हरणाच्या बाबतीत त्यांनी जाड छर्ऱ्यालाही जागा ठेवली, ती डुकरासाठी मी ठेवणार नाही. पण मापे कायद्यात लिहिण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे. त्याच कायद्यात मोठ्या हरणांवर वापरायच्या रायफलीसाठीही किमान बोअर आणि नळीच्या तोंडाशी किमान २३०५ ज्यूल ऊर्जा ठरवलेली आहे, कारण नुसते ‘रायफल’ असे लिहिले तर कोणी ०.२२ ची चिमुकली रायफल घेऊन डुकरावर जाईल.

एकगोळीबद्दलही भाबडेपणा नको. गुळगुळीत नळीतून ती पन्नास मीटरपुढे भरवशाची राहत नाही, आणि कठीण जमिनीवरून ती चांगलीच उसळते. पेनसिल्व्हेनियाने २००७ मध्ये करून घेतलेल्या अभ्यासात असे दिसले की जमिनीला समांतर झाडलेली एकगोळी उसळून रायफलीच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकते. म्हणून माळा तिच्यासाठीही हवाच. पण ज्या शेतकऱ्याकडे बारा बोअरची बंदूक आहे आणि रायफल कधीच मिळणार नाही, त्याच्यासाठी तीस मीटरच्या आत, माळ्यावरून, एकगोळी काडतूस हा आज सर्वांत प्रामाणिक तोडगा आहे. त्यासाठी नवे हत्यार लागत नाही. बंदूक तीच राहते, खिशातले काडतूस तेवढे बदलते.

शिशाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. अमेरिकेने पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ मध्ये बंद केले, युरोपीय संघाने पाणथळ जागांवर २०२३ मध्ये. माग तुटून रानात मेलेले डुक्कर कोल्हे आणि गिधाडे खातात, आणि डायक्लोफिनॅक या गुरांच्या वेदनाशामक औषधाने होत्याची नव्हती झालेली आपली गिधाडे आता शिशाचे विष पचवण्याच्या स्थितीत नाहीत. रायफलीची शिशाची गोळीही अंगात फुटून बारीक कण सोडते, त्यामुळे या एका बाबतीत गोळी निर्दोष नाही. तांब्याच्या गोळीकडे आज ना उद्या जावेच लागेल. तोपर्यंत जनावर जागीच पडणे आणि खोल पुरले जाणे, एवढे तरी हातात आहे, आणि छर्ऱ्याने नेमके तेच होत नाही.

उरतो प्रश्न माणसांचा. प्रत्येक शेतकऱ्याने नेमबाज व्हावे अशी माझी अपेक्षा नाही, आणि तशी ठेवणे अन्यायाचे होईल. दिवसभर राबलेल्या माणसाने रात्री जागायचे आणि वर अचूक नेमही धरायचा, हे किती करायचे? तालुक्यात दोन-चार परवानाधारक माणसे निवडावीत, माजी सैनिक असतील तर उत्तमच. त्यांची दरवर्षी कागदावर नेम धरून परीक्षा घ्यावी: तीस मीटरवरून वीतभर वर्तुळात पाचपैकी पाच. जो उतरेल त्याचेच नाव परवानगीवर यावे. या माणसांना मानधन द्यावे, काडतुसे शासनाने पुरवावीत आणि वापरलेल्या प्रत्येक काडतुसाचे रिकामे नळकांडे परत घ्यावे, म्हणजे किती बार झाले आणि किती जनावरे पडली याचा मेळ बसेल.

आणि परवानगीच्या कागदावर, शेताचा गट क्रमांक आणि मुदत यांच्याखाली, एवढे लिहिलेले असावे: हत्यार कोणते, ठरवलेल्या किमान ताकदीची रायफल की बारा बोअरची बंदूक, बंदूक असल्यास काडतूस एकगोळीचेच, छर्रा आणि एल.जी. दोन्ही वर्ज्य, अंतर तीस मीटरच्या आत, बार माळ्यावरूनच, मातीच्या जमिनीवर आणि जनावर पूर्ण ओळखता येईल एवढ्या उजेडात. जनावर जखमी होऊन निसटले तर त्याच रात्री वनरक्षकाला कळवायचे, उजाडताच त्याला बरोबर घेऊन माग काढायचा, आणि ते जनावर सापडेपर्यंत त्या परवानगीवर दुसरा बार काढायचा नाही.